टीव्हीवर पडलेलं ऊन

या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर वाचले ते फक्त चुका काढायला. माझं पोटापाण्याचं कामच ते आहे – सॉफ्टवेअर टेस्टिंग. दुसऱ्याने बनवलेल्या गोष्टीत खोट कुठे आहे ते शोधायचं. त्यामुळे कुणी ‘दार आपोआप उघडलं’ असं लिहिलं की मी मनात म्हणायचो, बिजागरी बघा. ‘कुणीतरी हाक मारली’ म्हटलं की म्हणायचो, शेजारच्यांचा टीव्ही असेल. भूत, आत्मा, शक्ती यांवर माझा विश्वास कधीच नव्हता आणि खरं सांगू का, आजही नाही. कारण मी जे सांगणार आहे त्यात घाबरण्यासारखं काहीच नाही. भरदिवसा घडलेली गोष्ट आहे, घरात चहा उकळत होता, सगळी माणसं जिवंत आणि खणखणीत होती. प्रश्न आहे तो फक्त उन्हाचा…

मी मूळचा अकोल्याचा. नोकरीसाठी पुण्यात आलो, वाकडला राहतो. बायको मृणाल इथलीच. तिचे आईवडील सहकारनगरात राहतात – स्वारगेटवरून कात्रजकडे निघालं की उजवीकडे आत. तीन मजली जुनी सोसायटी, दुसरा मजला, लिफ्ट नाही. सासरे पोस्टातून निवृत्त झालेले, त्यांना सगळे नाना म्हणतात. सासूबाईंना मी आईच म्हणतो. नाना कमी बोलतात, पण जे बोलतात ते ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतं. लग्नाच्या बोलणीसाठी मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा दारात बुटाची नाडी सुटेना. मी घाईने ओढाताण करत होतो. नाना दार धरून उभे. म्हणाले, “सावकाश. मुलगी कुठे पळून जात नाहीये.”

त्यांच्या हॉलची रचना आधी सांगतो. पश्चिमेला मोठी खिडकी. तिच्या बरोबर समोर, पूर्वेच्या भिंतीवर टीव्ही. टीव्हीच्या उजव्या बाजूला आतल्या खोल्यांकडे जाणारा पॅसेज. खिडकीबाहेर पूर्वी एक बंगला होता आणि त्याच्या आवारात बुचाचं मोठं झाड. आमच्या लग्नाच्या आधीच बिल्डरने तो पाडला आणि तिथे अकरा मजली टॉवर उभा केला. त्याची राखाडी भिंत आता खिडकीच्या इतकी जवळ आहे की हात लांब केला तर लागेल असं वाटतं. भर दुपारी हॉलमध्ये ट्यूब लावावी लागते. त्या हॉलमध्ये मी एकदाही ऊन बघितलेलं नाही. आम्हा अकोल्याच्या माणसांना उन्हाचं काही कौतुकही नसतं म्हणा.

तर, गेल्या दिवाळीपासून नानांचं एक विचित्र सुरू झालं. दुपारची झोप झाली, चहा झाला की ते वेताची खुर्ची उचलून खिडकीजवळ ठेवायचे आणि बसायचे. थोड्या वेळाने उठून खुर्ची थोडी आत सरकवायची. पुन्हा बसायचं. असं करत करत खिडकीपासून सोफ्यापाशी, तिथून टीव्हीखाली, आणि शेवटी पॅसेजच्या तोंडाशी. मग खुर्ची जागेवर ठेवून संध्याकाळच्या फेरीला बाहेर. आईंनी विचारलं, “अहो, हे काय चाललंय?”

“उन्हात बसलोय,” नाना म्हणाले.

पहिल्यांदा सगळे हसले. आईंनी तर फोनवर मृणालला गंमत म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा मात्र मृणाल हसली नाही. तिच्या मैत्रिणीच्या वडिलांचं असंच काहीतरी सुरू झालं होतं आणि दोन वर्षांत ते मुलीला ओळखेनासे झाले होते. मृणालने नानांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी घड्याळ काढायला लावलं, शब्द लक्षात ठेवायला सांगितले, उलटी वजाबाकी करून घेतली. ते सगळं नानांनी केलं. पण बंद हॉलमध्ये ऊन येतं म्हणतात म्हटल्यावर डॉक्टर म्हणाले, ही सुरुवात असू शकते, लक्ष ठेवा. एक गोळी दिली. त्या गोळीने नाना दिवसभर पेंगायला लागले. शब्दकोडं अर्ध्यावर सोडून पेपर छातीवर घेऊन झोपायचे.

त्यानंतर त्यांनी ‘ऊन’ हा शब्दच काढला नाही. कुणी विचारलं, “नाना, कुठे बसलात?” तर म्हणायचे, “खुर्चीत.” पण खुर्ची सरकवणं काही थांबलं नाही.

मृणालने ठरवलं, दोघांना वाकडला आणायचं. सहकारनगरचा फ्लॅट भाड्याने द्यायचा. आमच्या सोसायटीजवळ ज्येष्ठांसाठी एक दिवसभराचं केंद्र आहे, तिथे नानांना सोडायचं, म्हणजे कुणाचं तरी लक्ष राहील. आई आधी नाही म्हणाल्या, मग रडल्या, मग हो म्हणाल्या. नाना एवढंच म्हणाले, “मला इथे बरं आहे.” त्यावर घरात बरीच बोलाचाली झाली. नाना त्या बोलाचालीतही नव्हते, खुर्चीत होते.

आता टीव्हीकडे येतो.

संक्रांतीच्या सुमारास त्यांच्याकडे नवा टीव्ही आला. आणि आईंची तक्रार सुरू झाली. “प्रशांतराव, ती बातम्या देणारी मुलगी कावीळ झाल्यासारखी दिसते हो. आणि मालिकेतली साडी मोरपंखी म्हणून मी तशीच मागवली, तर ती निघाली निळी!” मला या असल्या गोष्टींचा छंद आहे हे आईंना माहीत होतं. टीव्हीचे रंग नीट लावायचं खरं यंत्र महाग असतं. पण मोबाइलच्या कॅमेऱ्याने घरापुरतं काम होतं. पडदे लावून खोली अंधारी करायची. फोन स्टँडवर टीव्हीसमोर ठेवायचा. आधी कॅमेऱ्याला साधा पांढरा कागद दाखवायचा, म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं ते त्याला कळतं, आणि ते लॉक करून टाकायचं. मग टीव्हीवर करड्या रंगाच्या पट्ट्या लावायच्या. फोनमध्ये करडा पिवळट दिसला की टीव्हीतला पिवळा कमी करायचा, गुलाबी दिसला की गुलाबी. डोळ्यांना सवय होते, कॅमेऱ्याला तशी होत नाही. एवढंच त्यातलं तंत्र.

मृणाल म्हणाली, “शनिवारी तू जाऊन ते करून ये. आणि नानांशी पण बोल जरा. तुझं ऐकतात ते.”

नाना माझं ऐकतात हे मला नव्यानेच कळलं. पण गेलो.

पोचलो तेव्हा नाना आत झोपले होते. आई स्वयंपाकघरात. मी हॉलचे जाड पडदे ओढले, ट्यूब बंद केली, स्टँड लावला आणि टीव्हीच्या पुढ्यात पांढरा कागद चिकटवला. फोनमध्ये बघितलं तर कागद अर्धा पांढरा आणि अर्धा पिवळा. म्हणजे डावीकडे थंड, निळसर पांढरा आणि उजवीकडे मधासारखा. मला वाटलं कागदच खराब आहे. काढून उलटा लावला. पिवळं पुन्हा उजवीकडेच! दुसरा कागद घेतला. तेच. डोळ्यांनी बघितलं तर कागद अख्खा एकसारखा, अंधारातला मळकट पांढरा.

म्हटलं टीव्हीचा उजेड असेल. टीव्ही बंद केला. मग प्लग काढला. टीव्हीच्या काळ्या पडद्यावर, फोनमध्ये, उजव्या खालच्या कोपऱ्यात पिवळसर चकाकी तशीच. खिडकीचा पडदा हलून फट पडली असेल म्हणून मागे गेलो. फट नव्हती. पडदा सरकवून बाहेर बघितलं. समोर टॉवरची भिंत, तिच्यावर पाण्याचे पाइप, आणि त्या चिंचोळ्या जागेत ओल. उन्हाचा तिथे पत्ता नाही. पडदा उघडा ठेवला काय, लावला काय, फोनमधली चकाकी जशीच्या तशी.

मग मात्र माझ्यातला टेस्टर जागा झाला. सगळं एकेक करून तपासलं. लेन्स पुसली. फोन बंद करून पुन्हा लावला. रंगांचं लॉक काढून टाकलं, साध्या फोटोच्या सेटिंगवर बघितलं. तरीही दिसतंय. फोनच्या कॅमेऱ्याला कधीकधी डोळ्यांना न दिसणारे किरण दिसतात – रिमोटचं बटण दाबून कॅमेऱ्यासमोर धरा, जांभळट ठिपका दिसेल – तसं काही असेल म्हणून खोलीतलं सगळं बंद केलं, वायफायच्या डब्यासकट. काही फरक पडला नाही.

आता मी फोन स्टँडवरून काढून हातात घेतला आणि हळूहळू सगळ्या हॉलवरून फिरवला. आणि अरे बाप्पा… ती नुसती चकाकी नव्हतीच. फोनमध्ये जमिनीवर लांबलचक उजेडाची पट्टी पडली होती. खिडकीकडून आत, सोफ्याच्या कडेवरून, टीव्हीखालच्या कपाटावर चढून भिंतीपर्यंत. उजव्या बाजूने पॅसेजच्या तोंडाकडे झुकलेली. चार-साडेचारला पश्चिमेच्या खिडकीतून येतं तसलं, तिरपं ऊन. फोन खाली घेतला की अंधारा हॉल. फोन वर धरला की ऊन. मी पाच-सहा वेळा तरी तेच करत बसलो असेन. भीती नाही वाटली, खरंच. लहानपणी पहिल्यांदा भिंगातून मुंगी बघितली होती तेव्हा जसं वाटलं होतं, तसं काहीतरी वाटत होतं. मी फोन खिडकीकडे वळवला – सूर्य बघायला. फोनमध्ये फक्त पडदा. पडद्यामागे टॉवर. ऊन पडलेलं दिसत होतं, येताना कुठेच दिसत नव्हतं.

“झालं का हो? चहा टाकलाय,” म्हणत आई बाहेर आल्या. मी फोन त्यांच्या हातात दिला आणि जमिनीकडे धरायला सांगितला.

आई बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं त्यांना नेमकं काय बघायचं ते कळत नाहीये. मी म्हटलं, “आई, तो उजेड…”

“उजेड दिसतोय हो मला. ही नक्षी बघतेय.”

“कसली नक्षी?”

त्यांनी बोटाने दाखवलं. उन्हाच्या पट्टीत बारीक सावल्या होत्या, मी त्यांच्याकडे लक्षच दिलं नव्हतं. बदामाच्या आकाराच्या, एकमेकांना लागून, ओळीने. “ही आपल्या जुन्या ग्रीलची आहे,” आई म्हणाल्या. “बांधकामाची धूळ यायला लागली ना, तेव्हा ग्रील काढून हे सरकत्या काचांचं बसवलं. जुनं भंगारवाल्याला दिलं. मीच दिलं.”

मी खिडकीकडे बघितलं. सरळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. बदाम कुठेही नाहीत.

आणि तेवढ्यात फोनमधल्या त्या बदामांवरून काहीतरी हललं. पुंजक्यासारखं, वाऱ्याने हलावं तसं. मागेपुढे, मागेपुढे. आईंनी फोन माझ्या हातात परत दिला आणि पदराने तोंड पुसलं. “बुचाचं झाड,” एवढंच म्हणाल्या.

आतल्या खोलीत पलंग करकरला. नाना उठले होते. चूळ भरल्याचा आवाज आला. आईंनी मला खुणेने गप्प राहायला सांगितलं. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही, पण मीही काही बोललो नाही. नाना आले, अंधारात आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, “काय, सिनेमा सुरू होतोय का?”

“नाही नाना, टीव्हीचे रंग लावतोय.”

“लावा.”

त्यांनी खुर्ची उचलली. खिडकीपाशी गेलेच नाहीत. उठायला उशीर झाला होता ना. सरळ टीव्हीखाली आले, खुर्ची जराशी तिरकी करून ठेवली आणि खिडकीकडे तोंड करून बसले. मी फोन वर धरला.

फोनमध्ये नाना उन्हात बसले होते. अगदी मधोमध. गुडघ्यांवर बदाम, सदऱ्यावर बदाम, गालावर पिवळा उजेड. त्यांनी डोळे मिटले होते, ऊन डोळ्यांवर आलं की मिटतो तसे, किंचित आक्रसून. मागे भिंतीवर त्यांची सावली. आणि फोनच्या वरून बघितलं तर अंधाऱ्या हॉलमध्ये भिंतीकडे पाठ करून बसलेला एक म्हातारा माणूस, ज्याला आम्ही सगळे मिळून गोळ्या देत होतो.

ते थोड्या वेळाने उठले आणि खुर्ची वीतभर उजवीकडे सरकवली. मी पुन्हा फोनमध्ये बघितलं. ऊन तेवढंच सरकलं होतं.

माझ्याने राहवलं नाही. “नाना, तुम्हाला दिसतं का हो ते?”

त्यांनी डोळे उघडले. आधी माझ्याकडे, मग आईंकडे बघितलं. उत्तर द्यावं की नाही याचा विचार करत असावेत. मागच्या वेळी खरं बोलल्यावर काय झालं ते त्यांना ठाऊक होतंच.

“दिसत नाही,” ते म्हणाले. “लागतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे ऊन लागतं तसं लागतं. तुमच्या अकोल्यात ते फुकट मिळतं, त्यामुळे तुम्हाला समजावणं अवघड आहे.”

मी फोन त्यांच्यापुढे धरला आणि पुढचा कॅमेरा सुरू करून त्यांना त्यांचाच चेहरा दाखवला. नानांनी चष्मा वर सरकवला. उन्हातला स्वतःचा चेहरा बघितला. मग माझ्यामागच्या अंधाऱ्या हॉलकडे बघितलं. पुन्हा फोनमध्ये. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलतील. त्यांनी फक्त मान हलवली आणि म्हणाले, “दाढी करायला पाहिजे.” पण आवाज नेहमीचा नव्हता.

मी माझा तळहात त्यांच्या गुडघ्याशेजारी धरला. फोनमध्ये तो लख्ख उजळला. हाताला काही म्हणजे काही लागलं नाही. मग आई पुढे झाल्या. त्यांनी हवेत हात वगैरे धरला नाही, सरळ नानांच्या सदऱ्याच्या बाहीला लावला. आणि चटकन मागे घेतला. पुन्हा लावला.

“अगंबाई… दोरीवरून आत्ता काढल्यासारखा गरम आहे हो!”

मीही लावून बघितला. खरंच होता. एकच बाही. खिडकीकडची. दुसरी गार.

थोड्याच वेळात फोनमधलं ऊन पॅसेजच्या तोंडाशी जाऊन विरलं. नाना उठले, खुर्ची जागेवर ठेवली, चप्पल घातली आणि फेरीला गेले. आई आणि मी त्या अंधारात तसेच बसून राहिलो. ट्यूब लावायचं भान कुणालाच नव्हतं. आई म्हणाल्या, “रोज सांगत होते हो ते मला.” एवढं बोलून त्या आत गेल्या आणि चहा पुन्हा गरम केला.

मृणालला फोनवर सांगितलं तर ती भडकली. “तुला नानांना समजवायला पाठवलं होतं! तूपण?” मी तिथेच काढून ठेवलेले फोटो पाठवले. तिचं उत्तर आलं, “ऊन पडलेल्या हॉलचे फोटो आहेत. बरं मग?”

आणि तिथेच सगळी गोची आहे. माझ्याकडे त्या दिवसाचे पंधरा-वीस फोटो आहेत, एक छोटा व्हिडिओ आहे. कुठेही गायब झालेले नाहीत. पण ते आहेत कसले? घरात ऊन पडल्याचे. जगातला सगळ्यात बिनमहत्त्वाचा फोटो! ऑफिसमध्ये दोघांना दाखवले. एक म्हणाला, “छान लाइट आहे.” दुसरा म्हणाला, “फ्लॅट वेस्ट फेसिंग आहे का?” त्यांना हे कसं पटवणार, की या घरात ऊन येतच नाही? नंतर आईंच्या फोनमध्ये दिवाळीचा एक फोटो सापडला. फराळाची ताटं, मृणाल हसतेय, आणि मागे फरशीवर पिवळी तिरीप. तो फोटो आम्ही सगळ्यांनी बघितला होता, नातेवाइकांना पाठवला होता. कुणाच्याही डोळ्यात ती तिरीप आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी मृणालला घेऊन गेलो. हॉलमध्ये गेल्यावर तिने स्वतः पडदे तपासले, स्वतः ट्यूब बंद केली, माझा फोन न घेता स्वतःचा काढला. नाना खिडकीपाशी बसले होते. तिने फोन वर केला.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. मग तिने फोन सोफ्यावर टाकला, नानांपाशी गेली आणि त्यांच्या खुर्चीला टेकून जमिनीवर बसली. शाळेतली मुलगी बसेल तशी.

“मला काहीच लागत नाहीये, नाना,” ती म्हणाली. रडत होती ती.

नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “घाई कशाला करतेस? आत्ताच तर आलीस.”

मग ती विचारायला लागली. कधीपासून लागतं, रोज लागतं का, दुसरं कुणी दिसतं का, काही ऐकू येतं का. नानांनी सगळ्याची उत्तरं दिली, तीही न टोचता. टॉवर उभा राहिल्यावर इतकी वर्षं काही नव्हतं. गेल्या दिवाळीच्या आधी एका दुपारी ते बूट पुसायला खिडकीशी बसले होते, तेव्हा पाठीला ऊन लागलं. मागे वळून बघितलं तर भिंत. कुणी दिसत नाही, काही ऐकू येत नाही. ढगाळ दिवशी लागत नाही. “बाकी मला काय झालंय ते मला माहीत नाही,” ते म्हणाले. “पण घरात ऊन आलं तर उठून सावलीत कशाला बसू?”



पुढच्या महिन्यात डॉक्टरांकडे पुन्हा जायचं होतं. मीही गेलो होतो. मृणालने गोळीने येणाऱ्या पेंगेबद्दल सांगितलं. डॉक्टरांनी पुन्हा घड्याळ, शब्द, वजाबाकी सगळं करून घेतलं. नानांनी शब्द सांगितलेच, वर मागच्या वेळचे शब्दही सांगितले. डॉक्टर हसले. मग फाइल बघून म्हणाले, “आणि ते? अजून उन्हात बसतात का?”

नानांनी मृणालकडे बघितलंही नाही, समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिले.

“हो, बसतात,” मृणाल म्हणाली.

“पण तुम्ही तर म्हणाला होतात, घरात ऊन येत नाही.”

“येतं,” मृणाल म्हणाली. “माझीच चूक झाली होती. येतं आमच्याकडे ऊन. संध्याकाळच्या आधी.”

डॉक्टरांनी तिच्याकडे एकदा नीट बघितलं, मग फाइलमधलं काहीतरी खोडलं. गोळी हळूहळू कमी करत बंद करायला सांगितली, सहा महिन्यांनी दाखवायला या म्हणाले. आम्ही निघताना रक्ताचा रिपोर्ट चाळत सहज बोलून गेले, “आजोबा, तुमचं डी व्हिटॅमिन छान आहे हो. या वयात सगळ्यांचं तळाला असतं. ऊन सोडू नका.”

जिन्यात नाना मृणालला म्हणाले, “डॉक्टरशी खोटं बोलू नये.”

“मी कुठे खोटं बोलले?” ती म्हणाली. त्यावर नाना चक्क हसले. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

वाकडला येण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही. नाना पेंगत नाहीत, शब्दकोडं पुरं करतात, आणि अडलेला शब्द विचारायला मला ऑफिसच्या वेळेत फोन करतात. वय झालंय, पुढे काय होईल सांगता येत नाही. पण सध्या तरी नाना नानाच आहेत.

स्पष्टीकरण म्हणाल तर ते माझ्याकडे नाही. मी बरंच वाचलं. कॅमेऱ्याचे फिल्टर, काचेवरून परावर्तन, टॉवरच्या वरच्या मजल्यांच्या काचा… यांतल्या कशानेही बंद पडद्यातून ऊन आत येत नाही, आणि भंगारात गेलेल्या ग्रीलची सावली तर नाहीच पडत. नानांनाच का लागतं, मला का नाही? इतकी वर्षं अंधार होता आणि गेल्या वर्षीच का सुरू झालं? आईंची बाही का नाही गरम होत? हे प्रश्न मी इथे मांडतोय कारण तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर मला ते ऐकायचंय. फक्त ‘पुण्यात्मा’ वगैरे लिहू नका, नाना ते वाचतील आणि मग मला ऐकवतील.

गेल्या शनिवारी मी पुन्हा गेलो होतो. फोन चार्जिंगला लावला होता, आत. नाना टीव्हीखाली डोळे मिटून बसले होते आणि मी खिडकीपाशी उभा राहून मृणालची वाट बघत होतो. अंधारा हॉल, बाहेर ती राखाडी भिंत, आणि माझ्या डोक्यात ऑफिसचं काहीतरी.

“जावईबापू,” नाना डोळे न उघडता म्हणाले, “जरा बाजूला व्हा. सावली पडतेय तुमची माझ्या अंगावर.”

मी बाजूला झालो.